चर्चच्या युनिव्हर्सिटीत क्रिमिनल जस्टिस शिकायचंय? ग्वाल्हेरच्या पोरापोरींनी (आणि त्यांच्या आईबाबांनी) आधी हे वाचा

ग्वाल्हेरात वर्दीचं वेड घरोघरी आहे. टेकनपूरची बीएसएफ अकादमी तासाभरावर, हायकोर्टाचं खंडपीठ गावातच, एखादा काका फौजेतून रिटायर झालेला नाहीतर मामा वकील, हे नसलेलं मराठी घर लष्कर भागात शोधायलाच लागेल. त्यामुळे बारावीतली पोरगी 'मला क्रिमिनल जस्टिस करायचंय, अमेरिकेत' म्हणाली तर आता कुणी फारसं दचकत नाही. दचकतात ते कॉलेजांची यादी बघून, कारण त्यात लॉयोला, सेंट अमुक, तमुक ख्रिश्चन अशी नावं असतात आणि मग आजीचा प्रश्न ठरलेला, 'अगं पण पोरीला बाटवणार नाहीत ना तिकडे?' आईबाबांच्याही मनात तेच असतं, फक्त ते बोलत नाहीत. गंमत म्हणजे यातल्या कितीतरी घरांनी पोरं कार्मेल कॉन्व्हेंटला घातलेली असतात आणि तेव्हा रांगेत उभं राहून अ‍ॅडमिशन घेतलेली असते.

माझ्या भाचीच्या वेळी हे सगळे फॉर्म, कॅटलॉग, ईमेल मीच तिच्या शेजारी बसून बघितले, त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच पोरांचे बघितले, तेव्हा जे सांगतेय ते त्यातून आलेलं आहे. एजंट जे सांगत नाही तेच इथे जास्त लिहिलंय.

पहिलं म्हणजे ही डिग्री काय आहे ते नीट समजून घ्या. क्रिमिनल जस्टिस म्हणजे एलएलबी नव्हे. हे केलं की वकील होता येत नाही, ना तिकडे ना इकडे. गुन्हा घडला इथपासून ते माणूस सुटून घरी आला इथपर्यंत जी यंत्रणा चालते, म्हणजे पोलीस, सरकारी वकील, कोर्ट, जेल, प्रोबेशन (जेलऐवजी देखरेखीखाली मोकळं ठेवणं), पॅरोल, लहान मुलांची वेगळी कोर्टं, तिचा हा अभ्यास. क्रिमिनॉलॉजी म्हणजे माणसं गुन्हा का करतात आणि समाज त्याला गुन्हा का म्हणतो, हा जास्त समाजशास्त्राकडे झुकणारा विषय. फॉरेन्सिक सायन्स तिसरंच, तिथे केमिस्ट्री-बायोलॉजी पक्की लागते. टीव्हीवर बघून जे हवं असतं ते बहुतेकदा फॉरेन्सिक असतं आणि फॉर्म भरलेला असतो क्रिमिनल जस्टिसचा, हे फार होतं. अमेरिकेत बॅचलर्स साधारण १२० क्रेडिटची असते, चार वर्षं, आणि त्यात तुमच्या मुख्य विषयाचा वाटा ढोबळमानाने एक तृतीयांश, बाकी भाषा, इतिहास, विज्ञान, आणि चर्चच्या युनिव्हर्सिटीत त्यात थिऑलॉजीही (धर्मशास्त्र) आली. शिवाय रिसर्च मेथड्स आणि स्टॅटिस्टिक्स सुटत नाही बरं का, गणित नको म्हणून इकडे येणाऱ्यांनी आत्ताच ऐकून ठेवा.

आता कडू गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला सगळ्यात आधी सांगते. अमेरिकेत एफबीआयमध्ये जायला तिथलं नागरिकत्व लागतं, फेडरल नोकऱ्यांचं जवळपास सगळीकडे तेच आणि बहुतेक पोलीस खात्यांचंही तेच. म्हणजे तुमच्या वर्गातली अर्धी पोरं पदवी घेऊन ज्या नोकरीला जातील ती तुम्हाला बंद आहे. एफ-१ व्हिसावर (विद्यार्थ्यांचा व्हिसा) शिकलात की नंतर ओपीटी म्हणून १२ महिने आपल्याच विषयात काम करता येतं. इंजिनीअरिंगवाल्यांना वर आणखी २४ महिने मिळतात तसे साध्या क्रिमिनल जस्टिसला मिळत नाहीत, मात्र फॉरेन्सिक सायन्स आणि सायबर फॉरेन्सिकचे कोर्स त्या स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) यादीत येतात. त्यामुळे कोर्सचं नाव काय याच्यापेक्षा आय-२० वर (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) कोणता प्रोग्रॅम कोड पडणार हे आधी विचारा, दोन सारख्या नावांच्या कोर्सचे कोड वेगळे असू शकतात.

मग करायचं काय या डिग्रीचं? बँकांमध्ये फसवणूक पकडणारी टीम असते, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था असतात, जेलमधून सुटलेल्यांचं पुनर्वसन करणाऱ्या असतात, रिसर्च असतो, पुढे मास्टर्स-पीएचडी असते, किंवा तिथेच जेडी (तिकडची कायद्याची पदवी) करून वकिली. परत यायचं असेल तर यूपीएससी, एमपीपीएससीला कुठलीही पदवी चालते, फक्त परदेशी डिग्रीला समकक्षता घ्यावी लागते आणि त्याचे यूजीसीने २०२५ मध्ये नवे नियम आणलेत, ते वाचून ठेवा. इथे वकिली करायची असेल तर एलएलबी वेगळी करायची आणि बार कौन्सिलची एआयबीई परीक्षा द्यायची, त्याला पर्याय नाही. 'अमेरिकेतून पोलिसाची डिग्री आणली' म्हणून इथे कुणी थेट डीएसपी करत नाही.

एवढं ऐकूनही जायचंय म्हणत असाल तर पुढे वाचा.

चर्चची युनिव्हर्सिटी म्हटलं की आपल्याकडे सगळं एकच समजतात, पण यांच्यात आपल्या मठ-संप्रदायांइतका फरक आहे. एका टोकाला जेझुइट लोकांच्या, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या, जुन्या युनिव्हर्सिट्या. शिकागोची लॉयोला १८७० ची, मिलवॉकीची मार्क्वेट १८८१ ची, सिअ‍ॅटल युनिव्हर्सिटी १८९१ ची. तिघींमध्ये हा विषय शिकवतात, सिअ‍ॅटलवाल्यांनी तर शहराच्या पोलिसांबरोबर वस्ती-वस्तीचे पोलिसिंग प्लॅन तयार करण्याचं काम केलंय. न्यूयॉर्कची सेंट जॉन्स विन्सेंशियन पंथाची, फिलाडेल्फियाजवळची विलानोवा ऑगस्टिनियन. या कॅथलिक ठिकाणी तुम्ही हिंदू, मुसलमान, नास्तिक काहीही असा, अ‍ॅडमिशनला फरक पडत नाही, प्रार्थनेला जायची सक्ती नसते, थिऑलॉजी आणि फिलॉसॉफीचे काही पेपर मात्र घ्यावे लागतात आणि तेही बऱ्याचदा तुलनात्मक असतात.

दुसऱ्या टोकाला इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच प्रमाण मानणारे आणि धर्मप्रसारावर भर देणारे प्रोटेस्टंट. व्हर्जिनियातली लिबर्टी युनिव्हर्सिटी १९७१ ची, तिथे कॅम्पसवर राहणाऱ्यांना कॉन्व्होकेशनला (पदवीदान नव्हे, प्रार्थना-भाषणांची सभा) हजेरी लावावीच लागते आणि दारूला बंदी. ओहायोतली सीडरव्हिल, बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंटांचाच एक पंथ), तिथे रोज चॅपल (सामूहिक प्रार्थना) असतं आणि विषय कुठलाही घ्या, बायबलचा मायनर (जोडविषय) सगळ्यांनाच करावा लागतो. आणि मग मॉर्मन लोकांची ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी. तिच्या ऑनर कोडमध्ये (वागणुकीच्या नियमांत) दारू-सिगारेट तर सोडाच, चहा आणि कॉफीसुद्धा नाही! हे सांगितल्यावर माझ्या मेव्हण्याने लॅपटॉपच बंद केला होता. शिवाय तिथे त्यांच्या चर्चच्या नसलेल्यांना फी साधारण दुप्पट. काही ठिकाणी अर्जातच 'येशूशी तुमचं नातं काय' असा निबंध आणि पास्टरचं पत्र मागतात. अशा ठिकाणी खोटं लिहू नका. आमच्या ओळखीत एकाने शेजारच्या ख्रिश्चन काकांकडून पत्र घ्यायचा बेत केला होता, त्याला सरळ नको म्हटलं. न्यायाचा विषय शिकायला जाताना सुरुवातच खोट्या कागदाने करायची म्हणजे काय? अ‍ॅडमिशन ऑफिसला दोन ओळींचा ईमेल टाका, मी हिंदू आहे, चर्चला जात नाही, मला प्रवेश मिळू शकतो का आणि मिळाल्यावर कशाकशाला हजर राहावं लागेल. उत्तर स्पष्ट येतं, आणि ते जपून ठेवा.

या दोन टोकांच्या मधे मेनोनाइट आणि क्वेकर हे अहिंसा मानणारे पंथ, शिवाय रिफॉर्म्ड वगैरे. या विषयासाठी सगळ्यात मजा तिथेच आहे असं माझं मत.

त्याचं कारण सांगते. शिक्षेची आजची पद्धत घडवण्यात धर्मवाल्यांचा हात फार मोठा आहे, चांगलाही आणि वाईटही. फिलाडेल्फियात क्वेकरांच्या पुढाकाराने १७९० मध्ये वॉलनट स्ट्रीट जेलमध्ये एकांत कोठड्या आल्या, फटके आणि फाशीपेक्षा माणसाला एकटं ठेवा, हातात बायबल द्या, तो पश्चात्ताप करेल अशी त्यामागची समजूत. १८२९ मध्ये ईस्टर्न स्टेट जेल उघडलं तेव्हा तर पूर्ण जेलच तसं बांधलं. हेतू दयेचा होता आणि माणसं वेडी व्हायला लागली. हा इतिहास चर्चच्या युनिव्हर्सिटीत प्रामाणिकपणे शिकवतात का, यावरून ती जागा कशी आहे ते कळतं. मग १९७४ मध्ये कॅनडात ओंटारियोच्या एल्मायरा गावात दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली, तर तिथल्या एका मेनोनाइट प्रोबेशन ऑफिसरने जजला सुचवलं की यांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारी पाठवू. पोरं खरंच दारोदार गेली, कबूल केलं, भरपाई दिली. रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणून आज जे जगभर शिकवतात त्याच्या सुरुवातीत ही गोष्ट हमखास येते, आणि ते पुढे नेणाऱ्यांत हॉवर्ड झेर हे मोठं नाव, ते व्हर्जिनियातल्या ईस्टर्न मेनोनाइट युनिव्हर्सिटीत शिकवायचे, तिथे त्यांच्या नावाची इन्स्टिट्यूटच आहे. मिशिगनची कॅल्व्हिन युनिव्हर्सिटी, १८७६ ची, ती आयोनियाच्या हँडलन जेलमध्ये कैद्यांना चक्क बॅचलर्स डिग्री देते.

आणि आता बघा, आपण कुठे राहतो. चंबळ आपल्या दारात! १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैनाच्या बीहडात पायी फिरले, डाकू मानसिंगच्या मुलाने, तहसीलदार सिंगने, नैनी जेलमधून फाशीची वाट बघत असताना त्यांना पत्र लिहिलं होतं, आणि २० बागींनी (इथे डाकूंना बागी म्हणतात) विनोबांपुढे बंदुका ठेवल्या. १९७२ च्या एप्रिलमध्ये जौराच्या गांधी आश्रमात जेपींसमोर (जयप्रकाश नारायण) मोहर सिंग, माधो सिंग आणि त्यांच्या टोळ्या आल्या, गांधीजींच्या तसबिरीपुढे शस्त्रं ठेवली, मग त्यातल्या कितीतरी जणांसाठी मुंगावलीला खुली जेल झाली. याला कुणी धर्म म्हणा, कुणी अध्यात्म, कुणी सरकारने केलेली सोय. पीडित घरांना काय मिळालं हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. पण अमेरिकेतला प्रोफेसर ज्यावर पुस्तकं लिहितो ते तुमच्या आजोबांनी पेपरात वाचलेलं आहे, कदाचित बघितलेलंही.

हे मी नुसतं अभिमान म्हणून सांगत नाहीये, तुमच्या अर्जातला निबंध इथून निघतो. 'लहानपणापासून मला न्यायाची आवड आहे, मी डिटेक्टिव्ह सीरियल बघते' हे हजार पोरं लिहितात. त्याऐवजी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की ७२ साली काय झालं होतं, लोक घाबरले होते की खूश होते, ज्यांच्या घरातला माणूस मारला गेला ते काय म्हणाले. महाराष्ट्राशी धागा जोडायचा असेल तर आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आहे, औंधच्या राजाने १९३९ मध्ये वसवलेली खुली वसाहत, जन्मठेपेचे कैदी कुटुंबाला घेऊन शेती करत राहायचे. इंदूरलाही अहिल्याबाईंच्या नावाची खुली कॉलनी आहे जिथे कैदी घरच्यांबरोबर राहतात. असं काहीतरी घ्या, त्यावर स्वतःचा प्रश्न मांडा, उत्तर नसलं तरी चालेल. जेझुइट किंवा मेनोनाइट ठिकाणचा वाचणारा तिथे थांबतोच.

निबंधाला जोड म्हणून हाताने केलेलं काहीतरी पाहिजे आणि ते इथे फुकट होतं, पण कुणी करत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पॅरा लीगल व्हॉलंटियर घेतात, ट्रेनिंग देतात, जेलमधल्या मदत केंद्रातही काम मिळू शकतं. कोर्टातल्या सुनावण्या सर्वसाधारणपणे सगळ्यांना खुल्या असतात, सेशन्स कोर्टात मागच्या बाकावर जाऊन शांतपणे बसायला कुणाची चिठ्ठी लागत नाही (फोन बंद ठेवा, नाहीतर पट्टेवाला बाहेर काढेल). काही दिवस बसलात तर कळतं की खटला म्हणजे भाषणं नसतात, बहुतेक वेळ पुढची तारीख असते. एक आकडा लक्षात ठेवा, एनसीआरबीच्या (केंद्राची गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी संस्था) २०२२ च्या अहवालात देशातल्या जेलमध्ये ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातले ७५.८ टक्के अंडरट्रायल, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. अमेरिकेत उलटा प्रकार, तिथे बहुतेक केसेस प्ली बार्गेनिंगने (गुन्हा कबूल करून शिक्षेत सवलत घ्यायची) मिटतात, खटला उभाच राहत नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पहिल्याच सेमिस्टरचा एक चांगला पेपर तयार. आणि आपले नवे कायदे वाचून जा, भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम, १ जुलै २०२४ पासून लागू. न्याय संहितेत शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा पहिल्यांदा आली आणि सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जायचं हे सुरक्षा संहितेत आलं. तिकडे कुणी तुम्हाला भारताचा कायदा शिकवणार नाही, उलट वर्गात तुम्हालाच विचारतील की तुमच्याकडे कसं असतं, तेव्हा गप्प बसायची वेळ नको.

कॉलेज निवडताना ब्रोशर बाजूला ठेवा. ब्रोशरवर सगळीकडे हिरवळ आणि हसणारी पोरं. तुम्ही वेबसाइटवरून कॅटलॉग आणि स्टुडंट हँडबुक डाउनलोड करा. कॅटलॉगमध्ये बघायचं ते हे की धर्माचे पेपर किती आणि कुठले, मुख्य विषयात थिअरीला जागा आहे की नुसतं पोलीस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, इंटर्नशिप सक्तीची आहे की ऐच्छिक. हँडबुकमध्ये बघायचं ते राहण्याचे नियम, मुलामुलींनी एकमेकांच्या हॉस्टेलवर कधी जायचं, दारू, लग्नाआधीचे संबंध, समलैंगिक पोरांबद्दल काय लिहिलंय, चॅपल चुकवलं तर दंड की फक्त नोंद. तुम्ही सही केली की ते नियम तुम्हाला लागू, मी हिंदू आहे म्हणून सूट मागता येत नाही, आणि काही ठिकाणी हे नियम कॅम्पसच्या बाहेरही लागू असतात. सही करायची नसेल तर अर्जच करू नका, तिथे जाऊन भांडत बसण्यात चार वर्षं जातात.

वर्गात मोकळेपणाने बोलता येतं का, हे कॅटलॉगवरून कळत नाही, त्यासाठी मी एक युक्ती सांगते. फाशीच्या शिक्षेबद्दल विचारा. कॅथलिक चर्चने २०१८ मध्ये आपल्या शिकवणीत बदल करून फाशी कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही असं म्हटलं, तर सदर्न बॅप्टिस्टांनी २००० च्या ठरावात योग्य रीतीने दिलेल्या फाशीला पाठिंबा दिलाय. बायबल एकच आणि उत्तरं दोन. आपल्याकडे १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून 'विरळातलं विरळ' हा निकष आहेच. आता प्रोफेसरांना ईमेलमध्ये विचारा की तुमच्या वर्गात या प्रश्नावर चर्चच्या भूमिकेविरुद्ध पेपर लिहिता येतो का. चांगला प्रोफेसर खूश होऊन लांबलचक उत्तर देतो. गुळमुळीत उत्तर आलं की समजून जा. तसाच दुसरा प्रश्न, धर्माने गुन्हे कमी होतात का? १९६९ मध्ये हर्शी आणि स्टार्क या दोन समाजशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या शाळकरी पोरांचा अभ्यास करून दाखवलं की चर्चला जाणारी आणि न जाणारी पोरं सारखीच उनाड, त्यावर गदारोळ झाला, नंतर स्टार्कनेच म्हटलं की आजूबाजूचा सगळा समाज धार्मिक असेल तिथे फरक पडतो. आजही टेक्सासच्या बेलरमध्ये, ती बॅप्टिस्ट युनिव्हर्सिटी, १८४५ ची, धर्म आणि कैद्यांचं सुधारणं यावर संशोधन चालतं. हा वाद जिथे खुलेपणाने शिकवतात ती जागा चांगली, मग तिचं चर्च कुठलंही असो.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट ही की ती युनिव्हर्सिटी जेलच्या आत काय करते. धर्माचं नाव लावून सेवा, करुणा वगैरे सगळेच लिहितात. विचारा की तुमचे विद्यार्थी जेलमध्ये जातात का, शिकवायला, शिकायला की नुसतं भजन म्हणायला. इन्साइड-आउट नावाचा एक प्रकार आहे, १९९७ मध्ये टेम्पल युनिव्हर्सिटीतून सुरू झाला, त्यात कॉलेजची पोरं आणि कैदी एकाच वर्गात, एकच पुस्तक घेऊन, सेमिस्टरभर बसतात. तो किंवा तसा वर्ग आहे का, परदेशी विद्यार्थ्याला त्यात घेतात का, बॅकग्राउंड चेक कसा होतो, हे विचारा. असं काहीच नसेल, नुसतं चॅपल आणि नियम असतील, तर त्यापेक्षा स्वस्तातलं सरकारी कॉलेज घ्या. धर्माची बंधनं पाळायची आणि धर्मवाल्यांचं जे खरं काम आहे ते बघायलाही मिळायचं नाही, हा सौदा तोट्याचा.

मान्यता तपासायचीच. अमेरिकेत कॉलेजला मान्यता सरकार नाही, अ‍ॅक्रेडिटेशनच्या संस्था देतात. हायर लर्निंग कमिशन, मिडल स्टेट्स, सॅक्सकॉक या मोठ्या. ट्रॅक्स आणि एबीएचई या धार्मिक कॉलेजांसाठीच्या, त्याही मान्यताप्राप्त, पण अशा ठिकाणचे क्रेडिट दुसरीकडे ट्रान्सफर करताना किंवा पुढे मास्टर्सला जाताना अडू शकतं, आधी विचारलेलं बरं. चिया (CHEA) ही या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थांवर लक्ष ठेवणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव टाकलं की कळतं. तिथे नावच नसेल आणि डिग्री झटपट, फी स्वस्त, तर दुकान आहे ते. ऑनलाइन डिग्रीच्या जाहिराती खूप येतात, घरी बसून करायला हरकत नाही पण त्यावर व्हिसा मिळत नाही. एफ-१ वर असताना सुद्धा पूर्णवेळ धरायच्या क्रेडिटमध्ये टर्मला एकच ऑनलाइन वर्ग मोजतात.

व्हिसाचं थोडक्यात. आय-२० आला की सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी ३५० डॉलर, व्हिसाची १८५ डॉलर, भरण्याआधी सरकारी साइटवर आकडा बघून घ्या कारण बदलतात. इंटरव्ह्यूला आपल्याला दिल्ली सोयीची, पण स्लॉट मिळेल तिथे जावं लागतं. २०२५ पासून सोशल मीडियाची अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात, तेव्हा जुन्या पोस्टी एकदा बघून घ्या. 'क्रिमिनल जस्टिस शिकून काय करणार' हा प्रश्न येणारच आणि त्याला 'तिथे पोलीस होणार' हे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकीचं, वर लिहिलंय का ते. कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यावर हातखर्च निघेल, फी निघणार नाही. स्कॉलरशिपच्या पत्रात ती चारही वर्षं आहे का आणि किती मार्कांखाली गेली तर बंद होते, ही ओळ शोधून वाचा. काही चर्चच्या कॉलेजांत चर्चच्या सदस्यांसाठी वेगळी सवलत असते, ती तुम्हाला नाही, हिशोबात धरू नका.

एवढा पैसा नाही किंवा एवढं लांब नको असं असेल तर देशातही आहे, आणि मी तर म्हणते आधी तेच बघा. सागरला, आपल्याच राज्यात, क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिकचा विभाग १९५९ पासून आहे, देशातला पहिला, बीनावरून गाडी मिळते, राज्याची फॉरेन्सिक लॅबसुद्धा सागरलाच. गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचा कॅम्पस भोपाळला आहे. मुंबईला टीआयएसएस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). आणि धार्मिक संस्थेचंच वातावरण हवं असेल तर मंगळुरूचं रोशनी निलय, कॅथलिक सिस्टर्सनी १९६० मध्ये काढलेलं सोशल वर्कचं कॉलेज, तिथे क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक दोन्ही शिकवतात. युनिव्हर्सिटी नाही ते, कॉलेज आहे, पण या विषयात नाव चांगलं आहे. इथे पदवी करून मास्टर्सला बाहेर गेलं तर खर्च निम्म्याहून खाली येतो आणि तोपर्यंत पोरीलाही कळलेलं असतं की आपल्याला कोर्ट आवडतं, लॅब आवडते की जेलमधलं काम. यूजीसी-नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी हा वेगळा विषय आहे, शिकवायला जायचं असेल तर ती वाटही आहे.

घरच्यांची समजूत कशी घालायची हे विचारतात बरेच जण. आजीला थिऑलॉजीच्या पेपरचा सिलॅबस वाचून दाखवा, खरंच, मराठीत सांगून. आमच्याकडे तसं केल्यावर आजीने विचारलं होतं की मग गीतेवर पण पेपर लिहिता येईल का, आणि तो प्रश्न आम्ही तसाच्या तसा प्रोफेसरांना पाठवला, हो म्हणाले. चॅपलमध्ये बसल्याने कुणी बाटत नाही, पण ज्या ठिकाणी रोज बसणं सक्तीचं आहे तिथे चार वर्षं आपल्याला ते झेपेल का हा प्रश्न वेगळा आणि तो पोरीने स्वतःलाच विचारायचा, आईबाबांनी तिच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. खाण्याचं मात्र आईला विचारू द्या, मेसमध्ये शाकाहारी काय मिळतं, लेंटच्या दिवसात (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) शुक्रवारी कॅथलिक लोक मटण-चिकन टाळतात पण मासे खातात, तेव्हा मेसमध्ये 'मीटलेस' लिहिलं म्हणजे आपलं शाकाहारी असं समजू नका.

तारखा अशा की तिकडचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं, अर्ज आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत, म्हणजे बारावीचं वर्ष आणि हे एकत्र येतं. अकरावीच्या उन्हाळ्यात कॅटलॉग-हँडबुक वाचून यादी करा, दिवाळीच्या सुट्टीत निबंध. निघायच्या आधी पासपोर्ट ऑफिसमधून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून बरोबर न्या, कारण इंटर्नशिपला किंवा जेलच्या वर्गाला भारतातली पडताळणी मागितली तर तिथून ते काढायला कॉन्सुलेटच्या चकरा पडतात. आणि पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात डिपार्टमेंटमध्ये जाऊन जेलच्या कार्यक्रमासाठी नाव नोंदवा, मंजुरीला वेळ लागतो आणि जागा थोड्या असतात.